उकिरड्यावरचं नाव

अंताची पहिली तीन पोरं नावांनी मारली, असं न्दोयेन गावाचं ठाम मत होतं. पहिल्याला नवऱ्याच्या आजोबांचं नाव दिलं, दोन मेंढे कापले, भाटांनी आजोबांच्या सात पिढ्या घसा बसेपर्यंत गायल्या. ते पोर आठ महिन्यांत गेलं. दुसरीला अंताच्या आईचं नाव दिलं, मेंढा एकच कापला, ती चाळीस दिवस टिकली. तिसऱ्याचं नाव ठेवायलाही मिळालं नाही. नाव आठव्या दिवशी ठेवतात आणि तो सातव्या दिवशी गेला. पण तिच्या नवऱ्याला, बिरामला, कुठं दम धरवतो? त्यानं मुलाचं नाव आधीच मनात पक्कं करून चार जणांच्या कानावर घातलं होतं.

मग म्हाताऱ्या बायका अंताला म्हणाल्या, "तुला तीन पोरं झालीच नाहीत गं. एकच आहे. येतं नि जातं, येतं नि जातं. तुझ्याशी खेळतंय." पुरायला नेण्याआधी त्यांतल्या एकीनं तिसऱ्याच्या उजव्या कानाची पाळी ब्लेडनं जराशी कापली. परत आला तर ओळखू यावा म्हणून. अंताला मान फिरवू दिली नाही. आईनं बघितलं तरच खूण टिकते म्हणे.

चौथ्या खेपेला मुलगी झाली. न्हाऊ घालणारीनं तिचा कान उजेडाला धरला आणि किंचाळली, खाच आहे! जगातल्या निम्म्या कानांना नीट बघितलं तर कुठं ना कुठं खाच सापडते, पण त्या खोलीत नीट बघायला आलं होतं कोण? अंतानं फक्त एकदा पाहिलं. तिला ती खाच दिसली.

अशा पोरांसाठी गावात एकच उपाय होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. चांगलं नाव मरणाला पहिल्यांदा ऐकू येतं, म्हणून असं नाव ठेवायचं की मरणानंही नाक मुरडावं. गावात एक अमुल याकार होता. 'आशाच नाही' असा त्या नावाचा अर्थ. तो सत्तरी ओलांडून ठणठणीत होता आणि तिसऱ्या लग्नाच्या गोष्टी करत होता. एक बुगुमा होती, म्हणजे 'मला नको'. नको नको म्हणता तिला अकरा नातवंडं झाली होती. अंतानं आपल्या लेकीसाठी नाव निवडलं म्हालित. केर. रोज सकाळी अंगण झाडून बाहेर टाकतात तो.

नुसतं नाव ठेवून भागत नाही. आठव्या दिवशी मेंढा कापला नाही, गाणं झालं नाही, दह्यातली बाजरीची लापशीही शेजारणीच्या घरी लपूनछपून शिजली. पोरीचं डोकं भादरून तिला पोत्याच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळलं. अंतानं तिला आपल्या हातांनी कुडामागच्या उकिरड्यावर ठेवलं. खाली माशांचे खवले होते, भुईमुगाची टरफलं होती, चुलीतली राख होती. मग ठरल्याप्रमाणे ती मोठ्यानं म्हणाली, "ही घाण कुणाची आहे ठाऊक नाही. मला नको." आणि पाठ फिरवून उभी राहिली.

पुढचंही ठरलेलं होतं. भाटीण कोदू सहज चालल्यासारखी तिकडून येणार, पोर उचलणार, दारात येऊन विचारणार की मला उकिरड्यावर हे सापडलं, कुणी घेतंय का? अंतानं शिळ्या मासळीची करावी तशी घासाघीस करायची आणि वाडगाभर बाजरी देऊन पोर विकत घ्यायची. मग ती अंताची पोटची राहिली नाही, विकतची झाली. पोटच्यांना न्यायला मरण येतं, विकतच्या केराकडे ते कशाला बघेल?

कोदू निघालीच होती. पण तिच्या आधी फामा पोचली.

फामा बिरामची थोरली बहीण. मेखे शहरात तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं आणि घरात एक सवत होती. सवतीला चार पोरं. फामाला पंधरा वर्षांत एकही नाही. तिला तोंडावर वांझ म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि सवतीची चार पोरं अंगणात हुंदडत असताना म्हणायची गरजही नव्हती. त्या दिवशी ती कडक खळीचा निळा पायघोळ झगा, बुबू, घालून, अत्तराचा घमघमाट सोडत सरळ उकिरड्यात शिरली. पोर उचललं, खवले झटकले आणि दारात येऊन म्हणाली, "हे बघा मला काय सापडलं!"

बायका हसल्या. आत्यानं उचललं म्हणजे उलट चांगलंच की, असं एक-दोघी म्हणाल्या. अंतानं बाजरीचा वाडगा पुढं केला.

फामानं तो हातानं बाजूला सारला. "अगं, घरातल्या घरात कसलं मोल? राहू दे. दूध तुझं, पोर माझं. पाज, वाढव, मोठी झाली की न्यायला येईन."

पुन्हा हशा झाला. उचलणारी हे असंच म्हणते, गमतीत. कोदू तेवढी हसली नाही. ती अंताच्या कानाशी येऊन पुटपुटली, "बाजरी तिच्या ओच्यात ओत. ती नको म्हणाली तरी ओत."

पण पोर रडत होतं. अंताच्या छातीतून दूध वाहून झगा भिजला होता. आठ दिवस तिनं या पोरीला मोकळेपणानं कुशीत घेतलं नव्हतं, आणि समोर फामा दोन्ही हातांत ते रडणारं गाठोडं धरून उभी होती. अंतानं वाडगा खाली ठेवला आणि पोर घेतलं. एवढीच तिची चूक. मग इमामसाहेबांनी पोरीच्या एका कानात अजान म्हटली, दुसऱ्या कानात नाव सांगितलं आणि सगळे पांगले.

म्हालित जगली. आठ महिने उलटले, वर्ष उलटलं. तिला दात आले, ती चालायला लागली, कोंबड्यांच्या मागं धावायला लागली. अंता तिला चारचौघांत कधी नीट हाक मारत नसे. कुणी म्हटलं, "काय गोड हसते गं!" तर अंता म्हणायची, "माकड आहे मेलं." पोरगी पडली तर ती उचलायला जात नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त कधी कधी दुपारी बाजरीच्या कोठारात, दार लोटून, ती पोरीचा कान तोंडात धरून गप्प बसायची. तेव्हाही ती एक शब्द बोलायची नाही. काय सांगावं, कोठारालाही कान असतील.

पोरगी दोन वर्षांची झाली तेव्हा अंतानं कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावला आणि तिचं दूध तोडलं. दहाव्या दिवशी फामा भाड्याची गाडी करून दारात उतरली. सोबत नवे कपडे, एवढ्याशा चपला, चांदीचं कडं.

"चल गं, माझी वस्तू दे," ती अंताला म्हणाली.

अंताला वाटलं थट्टाच आहे. "घेऊन जा वन्सं, बरंच होईल. खाते किती ही!"

"म्हणूनच आले," फामा म्हणाली आणि पोरीच्या पायात चपला चढवायला लागली.

अंतानं नवऱ्याकडे पाहिलं. बिराम मेखेत चामड्याच्या चपला शिवायचा आणि शुक्रवारी घरी यायचा. बहिणीनं त्याला लहानपणी पाठीवर बांधून वाढवला होता आणि तो अजून त्या पाठीवरून उतरला नव्हता. "अक्का म्हणते तर दोन-चार वर्षं राहू दे की तिच्याकडे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आत्याकडे पोर वाढणं काही नवं नाही. शहरात शिकेल."

"अहो, पण…"

"पण काय?" फामानं विचारलं.

 अंतापाशी जे उत्तर होतं ते बोलायची सोय नव्हती.

तिची बाजू घ्यायला कोदू धावली. दुपारच्या नमाजानंतर मशिदीपुढच्या झाडाखाली तिनं गाव गोळा केलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भाटिणीला सगळं बोलायचा हक्क असतो आणि कोदूनं तो कधी वाया घालवला नव्हता.

"फामा, ही रीत होती! मी उचलायचं ठरलं होतं, तू मधे घुसलीस. आयत्या बिळावर नागोबा!"

फामा शांत होती. पोर तिच्या मांडीवर कड्याशी खेळत होतं. "रीत होती ना? मग मला एवढंच सांगा, रीत खरी की खोटी? खरी असेल तर अंतानं हिला टाकली, मी उचलली, मोल घेतलं नाही, म्हणजे विकली नाही. पोर माझी. अन् खोटी असेल, तर मग हिचं नावही खोटं, उकिरडाही खोटा. मग काय, ही अंताची पोटची. पहिल्या तिघांसारखीच."

 हे असं सरळ कुणी मांडलं नव्हतं. कोदूचे कमरेवरचे हात खाली आले.

इमामसाहेबांना या रीतीभातींचा तिटकाराच होता. त्यांना अल्लाच्या हातातल्या गोष्टी बायकांनी उकिरड्यावर नेऊन सोडवाव्यात हे कधी पटलं नव्हतं. भला माणूस, पण भल्या माणसांना दुसऱ्याचं भय समजत नाही. ते म्हणाले, "मला उकिरड्यातलं काही सांगू नका. साधा प्रश्न आहे. अंता, ही पोर तुझी ना? हो म्हण. एका शब्दात मिटवतो."

"म्हण ना," फामा गोड आवाजात म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हण, माझी पोर. मोठ्यानं. मी आत्ता हिला इथं खाली ठेवते अन् गाडीत बसते."

फामाला त्या तीन पोरांची नावं पाठ होती. पहिल्या दोघांच्या बारशाला तिनंच आत्याचा मान घेतला होता. अंता काय म्हणेल आणि काय म्हणणार नाही, हे तिला अंताहून चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिला घाई नव्हती.

सगळं गाव अंताच्या तोंडाकडे बघत होतं. बिरामही बघत होता, आणि तिनं हो म्हणावं असं त्याला मनातून फार वाटत होतं, पण तो तसं बोलला नाही. अंताला ब्लेड आठवलं. पोरगी मांडीवरून उतरून तिच्याकडे दोन पावलं आली.

"माझी नाही," अंता म्हणाली. "उकिरड्यावरची आहे. न्या तिला."

फामानं पोरीला उचललं. गाडी निघाली तेव्हा पोरगी काचेला तोंड लावून रडत होती आणि अंता पाठ फिरवून उभी होती. गावातल्या बायका रात्री म्हणाल्या, काळीज कसलं गं हिचं! ज्यांनी हा उपाय सांगितला होता त्याच म्हणाल्या.

महिन्याभरात मेखेहून बातमी आली. फामानं तीन मेंढे कापून पोरीचं नव्यानं बारसं केलं होतं. नवऱ्याच्या आईचं नाव दिलं, यासिन. जुन्या काळच्या एका राणीचंही हेच नाव. बाई पक्की हिशेबी. म्हातारीच्या नावाची नात घरात आली म्हटल्यावर सवतीच्या चार पोरांकडे बघतो कोण? म्हातारीनं आपल्या गळ्यातली सोन्याची साखळी पोरीच्या गळ्यात घातली. नवरा पुन्हा फामाच्या खोलीत मुक्कामाला यायला लागला.

अंताला साखळीचं दुःख नव्हतं. तिला भीती त्या नावाची होती. तीन मेंढे, गाणी, सोनं आणि राणीचं नाव! असं नाव मरणाला दहा कोसांवरून ऐकू जाईल. ती त्याच गुरुवारी पहाटे उठली आणि चालत मेखेला गेली. चार तास वाळूतून. फामाच्या वाड्याच्या फाटकाशी उभी राहून तिनं जीव खाऊन हाक मारली, "म्हालित! ए म्हालित! ए केरा!"

पोरगी आनंदानं धावत आली. अजून तिला तेच नाव ओळखीचं होतं. अंतानं तिच्याकडे डोळे भरून पाहिलं, पच्चकन बाजूला थुंकली आणि म्हणाली, "काय घाण आहे!" मग ती चार तास चालत घरी आली. परतताना तिला हलकं वाटत होतं, या आठवड्यापुरतं काम झालं होतं.

त्यानंतर तिचा एकही गुरुवार चुकला नाही. फामानं आधी तिला हाकलून लावलं, दरवानाकरवी पाणी ओतवलं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की पोरगी आता धावत येत नाही. ती खांबाआड लपते. सवतीची पोरं 'केर, केर' म्हणून तिला चिडवतात आणि ती रडत फामाच्या कुशीत शिरते, फामाच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. तेव्हापासून फामानं फाटक उघडं ठेवायला सांगितलं. "येऊ दे तिला," ती दरवानाला म्हणाली. "दर गुरुवारी येऊ दे."

अशी चार वर्षं गेली. अंताला पुन्हा दिवस राहिले नाहीत. बिरामनं मेखेतच दुसरं लग्न केलं आणि त्याचे शुक्रवार तिकडेच जायला लागले. अंता तक्रार करत नसे. तिला गुरुवार पुरत होता.

पोरगी सहा वर्षांची असताना मेखेत गोवराची साथ आली. एका सोमवारी भर दुपारी बिराम न्दोयेनला आला, ओठ सुकलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "अक्कानं बोलावलंय तुला. चल."

"कशाला?"

"चल म्हणतोय ना!"

फामाच्या खोलीत पडदे ओढले होते. धूप जळत होता. पोरगी चटईवर पडली होती, अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले. दवाखान्यातल्या नर्सनं सुया टोचल्या होत्या आणि आता वाट बघायची म्हणून सांगून ती गेली होती. फामाच्या अंगावर तीन दिवसांपूर्वीचाच बुबू होता. जिचं कडक खळीशिवाय पान हलत नसे तिचा तो चोळामोळा बघून अंताला, खरं सांगायचं तर, अर्धा क्षण बरं वाटलं.

"तिला त्या नावानं हाक मार," फामा म्हणाली. "तू नेहमी मारतेस तशी. शिव्या दे."

"तुम्ही मारा हाक, वन्सं."

"मी मारली. माझ्या तोंडून ते खरं वाटत नाही गं." आणि ती अंताचे पाय धरायला वाकली.

अंतानं पाय मागं घेतले. ती चटईशी बसली. चार वर्षांत ती पोरीच्या इतक्या जवळ कधी बसली नव्हती. कान समोर होता. तिनं त्याला हात लावला नाही. ती वाकली आणि सुरू झाली.

"म्हालित. ए केरा. ए खवल्यांच्या ढिगा. कुणाला हवीस तू? कुत्र्यानं हुंगून टाकलेली तू. तुला कोण नेणार? तुझं कुणी नाही. तू कुणाची नाहीस."

पोरगीनं डोळे किलकिले केले. ती घाबरून रडायला लागली. "आई, हिला घालव. आई, मला दुखतंय." ती फामाकडे हात पसरत होती. अंता थांबली नाही. पोरगी कानांवर हात ठेवायला लागली तेव्हा अंतानं ते हात धरून बाजूला केले आणि तेच तेच, आणखी वाईट, आणखी मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत म्हटलं. फामाला ऐकवेना, ती बाहेर गेली. अंता रात्रभर बसली आणि दुसऱ्या दिवशीही बसली. मधे पोरीला भान नसायचं, भान आलं की पहिलं हे तोंड दिसायचं आणि पहिले हे शब्द ऐकू यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. सुयांनी उतरला की शिव्यांनी, हे नर्सला विचाराल तर ती एक सांगेल आणि न्दोयेन दुसरं सांगेल. पोरगीनं उठून बसून मासे-भात मागितला. फामानं तिला मांडीवर घेऊन भरवलं. अंता दाराशी बसली होती. तिचा आवाज पार गेला होता.

चार घास खाऊन झाल्यावर पोरगीनं तिच्याकडे बोट केलं. "आई, ही बाई मला असं का म्हणते? मी हिचं काय केलंय?"

खोलीत तिघीच होत्या. फामानं अंताकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी ती स्वतःच अंताच्या पायांशी वाकली होती, तिला ते आठवत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायला तिला कुठल्याच मरणाची आडकाठी नव्हती. तिनं भाताचा पुढचा घास वळला.

"तिची स्वतःची तीन मेली ना," ती पोरीला म्हणाली, "म्हणून तिला दुसऱ्यांची बघवत नाहीत. हो ना गं, अंता?"

पोरगी अंताकडे बघत होती. तिच्या गालांवरचं पुरळ ओसरायला लागलं होतं. पुढचे दोन दात पडले होते आणि त्या जागी नवे डोकावत होते.

"हो," अंता म्हणाली. आवाज नव्हता, म्हणून तिनं मानही हलवली.

"मग हिला परत घरात येऊ देऊ नको," पोरगी म्हणाली.

"नाही येऊ देणार," फामा म्हणाली. "आता बरी झालीस ना तू."

अंता उठली. फाटकाबाहेर पडून ती वाळूच्या वाटेला लागली. तिला फार वाटत होतं की एकदा वळून बघावं, पण ती वळली नाही. पोरगी फामाचा हात धरून फाटकाशी आली होती आणि ती बाई खरंच जातेय ना, याची खात्री करत उभी होती.